मला कन्नड येतं

मला कन्नड येतं. वाचता येतं, लिहिता येतं, वेळ पडली तर भांडताही येईल. एवढंसं हे वाक्य — आणि ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, मुलीपुढं नाही, देवापुढं हात जोडून उभी असतानाही नाही. तुम्ही म्हणाल, यात लपवायचं काय एवढं? बेळगाव-खानापुरात निम्म्या लोकांना येतं. थांबा जरा. मलाही ते एका दमात सांगता येत नाही.

माझं माहेर निपाणीचं. आई सारखी आजारी असायची, म्हणून लहानपणी मला धारवाडला मावशीकडं ठेवलं होतं. शाळा कन्नड, मैत्रिणी कन्नड, झोपेत बडबडायचे तीही कन्नडच, असं मावशी सांगायची. मोठी झाल्यावर निपाणीला परत आले आणि मराठी शाळेत बसले. लग्न ठरताना वडिलांनी धारवाडचं नावच काढलं नाही. सासरे — आम्ही त्यांना मामंजी म्हणतो — सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले. खानापूरजवळच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाला वजन. मुलगी निपाणीतच शिकली, असं वडील म्हणाले, आणि मी खाली मान घालून चहाचे कप उचलले. पुढं कुणी विचारलंच तर सांगायचे, शाळेत कन्नड विषय होता, पास झाले तेवढंच. निपाणीकडच्या मुलीच्या तोंडी ते सगळ्यांना खरं वाटायचं.

पण सगळं मामंजींच्या माथी मारलं तर ती आणखी एक लबाडी होईल. ते नुसतं निमित्त. मला ते सोयीचं पडलं, हे खरं. कन्नड येतं म्हटलं की मीटर बघायला आलेल्या माणसाशी तूच बोल, कचेरीत तूच चल, नोटीस आली तूच वाच. येत नाही म्हटलं की पदर सावरून स्वयंपाकघरात शिरता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची — आणि मूठ झाकून बसायला मला मनापासून आवडायचं.

शिवाय पुढं व्हायला घरात एक माणूस होतंच. माझी मोठी जाऊ, मालूआक्का. ती चंदगडकडची, म्हणजे महाराष्ट्रातली. आमच्याकडं सुना सीमेच्या दोन्ही अंगांनी येतात, सोयरिकीला सीमा कधी आडवी येत नाही. तिला कन्नडचा एकच शब्द यायचा, गोत्तिल्ला, म्हणजे ठाऊक नाही. तो ती अशा तोऱ्यात म्हणायची की विचारणाराच ओशाळायचा. ही बाई मी आल्यापासून बघतेय. लावणीच्या दिवसांत गडी पळाले, गाय अडली, ऐन जेवणावळीत आमटी संपली — तिचं एकच ठरलेलं. आधी काम उरकूया, मग रडूया. आणि काम उरकेपर्यंत रडायचं ती विसरून जायची. मी तिच्या मागं मागं असायचे. सावली असते ना, तशी. सावलीला कुठं काय करावं लागतं?

आता खरं सांगायचं ते. बघा, इथवर आले आणि पुन्हा पाणी प्यावंसं वाटतंय.

थोरले भाऊजी, आक्काचे मालक, लावणी चालू असताना चिखलात कोसळले. अर्धं अंग गेलं. बेळगावात दाखवलं, तिथून त्यांना हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. माझा नवरा औषधं आणायला खाली गेला होता. खाटेपाशी आक्का, मी आणि मामंजी. एक सिस्टर आली, सलाईन बघितलं आणि आक्काकडं वळून भराभरा बोलली. यांना गिळता येतं की नाही ते डॉक्टर तपासतील. तोवर तोंडानं काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. घशातून छातीत जाईल. कळलं ना? — सगळं कन्नडमध्ये. आक्कानं मान हलवली. परमुलखात, घाबरलेलं माणूस हलवतं तशी. सिस्टर पुढच्या खाटेकडं गेली.

मला शब्द न् शब्द कळला होता.

मग मी का बोलले नाही? मामंजी शेजारी होते म्हणून? इतकी वर्षं लपवलंस का, असं कुणी विचारेल म्हणून? त्या क्षणी मला कशाची भीती वाटली असेल तर फक्त याची — पकडली जाण्याची. समोर एक माणूस मरणाच्या दारात पडला होता आणि मी माझी अब्रू मोजत होते. मनात म्हटलं, सांगेल कुणीतरी मराठीत. सांगतातच की इथं.

आक्कानं घरून पेज आणली होती. मऊ, पातळ, चवीला मीठ. कालपासून पोटात काही नाही म्हणाली, आणि डबा उघडला. मी म्हणाले, आक्का, जरा थांबूया का? एवढंच म्हणाले, तेही कुजबुजून. का थांबायचं ते सांगितलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. डाव्या हातानं त्यांचं डोकं उचललं आणि चमचा तोंडाला लावला. मी तो चमचा वर जाताना बघितला. दुसराही बघितला.

त्यांना ठसका लागला. तोंड निळं पडलं, धावपळ झाली, त्यांना आत नेलं. छातीत पाणी झालं, ताप चढला, बरेच दिवस नळ्या लावून ठेवलं. ते वाचले. पण परत आले ते निम्मेच. आवाज गेला तो गेलाच. हे पेजेनं झालं की आधीच्या झटक्यानं, कोण सांगणार — हा प्रश्न मी फार वर्षं उशाशी घेऊन झोपले. पण चमचा वर जाताना मला काही ठाऊक नव्हतं, असं तर नाही ना?

डॉक्टर आक्कावर ओरडले. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं ते मराठीत करून सांगितलं. मामंजीही तिला अडाणी म्हणाले, भर वॉर्डात. ती रडली नाही. भिंतीला टेकून उभी होती, आणि मग शांतपणे म्हणाली, "माझं चुकलं. कळलं न्हाय आणि मी मान हलवली." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हो, ठेवला. तो हात आठवला की अजून मला स्वतःची किळस येते.

यानंतर तिनं जे केलं ते मी उभ्या जन्मात कुणी केलेलं बघितलं नाही. भाऊजींना दाखवायला हुबळीच्या खेपा सुरू झाल्या. खानापुरातून गाडी, लोंढ्यावरून पुढं धारवाड, हुबळी. डब्यात कन्नड बायका असायच्या. ही ओटीत जांभळं घेऊन जायची, कधी फणसाचे गरे, आणि त्यांच्यात जाऊन बसायची. एक वस्तू दाखवायची आणि नाव विचारायची. नाक, घसा, ताप, उजवीकडं, उद्या, रिकाम्या पोटी. घरी येऊन भाकऱ्या थापताना तेच घोकायची. चुकायची तर अशी, की शब्द कन्नड आणि शेपूट मराठी. गाडीतल्या बायका पोट धरून हसायच्या आणि हीही त्यांच्यात हसायची. लाज म्हणून नाहीच. मला इतकी लाज होती आणि तिला मुळीच नव्हती.

त्यातनं तिनं एक रीत बसवली. डॉक्टर असो, कारकून असो, बोलणं झालं की म्हणायची, इन्नोम्मे हेळ्री, म्हणजे पुन्हा एकदा सांगा. मग आपण ऐकलेलं त्यालाच परत सांगायची, मोडकंतोडकं. तो बरोबर म्हणाला तरच मान हलवायची. समोरचा वैतागला तर वैतागू दे. आता गावातल्या बायका दवाखान्यात जायचं झालं की आधी आमच्या दारात येतात. आणि नव्या सुनांना तिचा पहिला धडा ठरलेला, कळलं नाही तर मान हलवायची नाही. का, ते ती सांगते. सगळ्यांसमोर, न लपवता. "माझ्या हातानं मी मालकांच्या घशात पेज घातली," म्हणते. मी तिथंच शेंगा सोलत बसलेली असते.

मामंजींनी ज्या भाषेशी जन्मभर वैर धरलं, त्याच भाषेत शेवटी त्यांच्या दम्याची औषधं तिनं मागून आणली. थोरल्या सुनेसारखी बाई पंचक्रोशीत नाही, असं मग ते बोलून दाखवायचे. अडाणी म्हटलं होतं त्याबद्दल मात्र कधी काही बोलले नाहीत. आम्ही दोघं त्या बाबतीत सारखेच.

भाऊजी बरीच वर्षं जगले. ती त्यांच्या डोळ्यांच्या हालचालीवरून ओळखायची, पाणी हवंय की कूस बदलायचीय. तेवढ्यावर दोघांची थट्टासुद्धा चालायची, त्यांनी डोळा मिचकावला की ही लाजायची. गेल्या सुगीत ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आक्का एकदा माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता रडेल. तर म्हणाली, उद्या मी नसले तर तुझं कसं व्हायचं गं, तुला तर कन्नडचं ओ की ठो येत नाही.

आणि ती मला शिकवायला लागली.

तांदूळ निवडताना रोज दुपारी. नाक, घसा, ताप. मी चुका करायचे — मुद्दाम, ठरवून, बेतानं. तिनं सुधारलं की तिच्यामागं म्हणायचे. तिचे उच्चार चुकतात, तेही तसेच्या तसे म्हणायचे. ती खूश व्हायची, तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे म्हणायची. याला तुम्ही काय म्हणाल? मला शब्द सापडत नाही. दोन्ही भाषांत नाही.

अलीकडं मला उजव्या डोळ्यानं कडेचं दिसेना. आक्कानंच बेळगावला नेलं. डोळ्यांचे डॉक्टर तरुण, दक्षिणेकडचे, मराठी न येणारे. तपासून झाल्यावर ते आक्काला म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशीर केलात. या डोळ्याची गेलेली नजर आता परत यायची नाही. दुसऱ्यातही सुरुवात झालीय. थेंब कायम घालावे लागतील, तरी खात्री देता येत नाही. आक्का म्हणाली, इन्नोम्मे हेळ्री. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. मग तिनं आपल्या शब्दांत ते परत म्हणून दाखवलं, चुकतमाकत, आणि शेवटाला तिचा आवाज फाटला. असं मी माझं भविष्य तीनदा ऐकलं, आणि तीनही वेळा चेहरा कोरा ठेवला.

मग ती माझ्याकडं वळली. आयुष्यात ज्या बाईनं कुणापासून काही लपवलं नाही, ती मला म्हणाली, "थेंब घाटलं की बरं व्हतंय म्हणत्यात. काय भ्यायचं न्हाय."

मी मान हलवली.

खानापूरच्या बसमध्ये ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. पदर तोंडाला लावून. ती का रडतेय ते मला माहीत होतं आणि विचारायची सोय नव्हती. मला वाचवायला ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. मीही खोटंच वागत होते, पण माझ्या खोट्यानं कधी कुणाला वाचवलं नव्हतं.

आता थेंब तीच घालते. माझा हात थरथरतो म्हणते. सकाळी, तिन्हीसांजेला, स्वतःचं काम टाकून येते, माझं डोकं डाव्या हातानं मागं धरते. आज सकाळी उजव्या डोळ्यात थेंब घालून झाला आणि तिनं विचारलं, "काय लपवून ठेवत न्हाईस न्हवं गं माझ्यापास्नं? दुखत असंल तर सांग."

"न्हाय आक्का," मी म्हटलं, "तुझ्यापास्नं काय लपवू?"

बरं म्हणाली ती, आणि दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला.