चौदा पदार्थांचा फळा
नोकरी सोडून मी इंदिरानगरमध्ये नाश्त्याची गाडी लावली, तेव्हा हौसेने फळ्यावर चौदा पदार्थ लिहिले. आठवडाभर लोक थांबायचे, फळा वाचायचे आणि पुढे जायचे. शेजारी एक मावशी भाजी विकायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना त्या मेथीची ओली जुडी झटकत राहायच्या आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर शिंतोडे उडवायच्या.

आठव्या दिवशी मला रडूच कोसळलं. मावशी उठल्या, त्यांनी फडकं भिजवलं आणि थालीपीठ तेवढं ठेवून सगळा फळा पुसून टाकला.

"अहो मावशी, हे काय?"

"लोकं वाचूनच जेवत व्हती, ताई. आता खातील."

मग रस्त्याने जाणाऱ्या दोघींना त्यांनी हाक मारली, "लवकर या, थालीपिठं संपत आली!"

पिठाचा डबा काठोकाठ भरलेला होता. मी घाईघाईने त्यावर झाकण ठेवलं. व्यवसायाचा कोर्स मी रीतसर केला होता. त्यात हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारपर्यंत डबा खरोखर रिकामा झाला. मी आभार मानायला गेले, तर मावशी डोळे मिचकावून म्हणाल्या, "मी खोटं नाय बोलले, ताई. जरा आधी बोलले, एवढंच."