गोजरबाई गोवर मोजत नसे

गोजरबाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवायला सपाट जागा नव्हती. लहानपणी देवी आल्या आणि उजवा डोळा घेऊन गेल्या. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती साठीच्या पुढे होती आणि शेवगाव तालुक्यातल्या एका दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथे तिला मान होता. पोराच्या अंगावर काही उठलं की बायका त्याला आधी तिच्यापुढे आणत.

समोर साळूबाई बसे. अठरा सालच्या मानमोडीच्या तापात तिची आई आणि दोन भाऊ गेले होते. कोणता आजार मोठा, यावर दोघींचं रोज भांडण.

"तुजी देवी एकेकाला उचलायची, गोजरे. मानमोडीनं घरंच्या घरं नेली. मढी उचलायला मानूस न्हवतं."

"तुला ताप आला आन् गेला. पुरावा कुठंय? माजा तोंडावर हाय."

"डोळा गेला, जीब तेवडी ऱ्हायली."

बायका हसत. गोवराचं नाव निघालं की मात्र दोघी एक होत. गोवर पोरांना व्हायचाच, तो आजारात धरायचा नाही.

मे महिन्यात गोजरबाईची नात मनकर्णा तापली. तीन वर्षांची, दुष्काळात कामावर वाटल्या जाणाऱ्या सुखडीवर तगलेली, बरगड्या दिसणारी पोर. डोळे लाल झाले, कानामागून पुरळ उठलं. सून झुंबरने देवीच्या भीतीने तिला सासूपुढे आणलं. गोजरबाईने पोरीचे तळहात, तळपाय उलटे करून पाहिले, तिथे देवीचा एकही फोड नव्हता, आणि गोवर म्हणून सांगितलं. देवी टोचणारा सरकारी माणूस त्याच दिवशी कामावर आला होता. त्यानेही पाहिलं.

"बाई म्हणते ते खरं, गोवरच आहे. पण पोर अशक्त आहे. दम लागला तर थांबू नका, दवाखान्यात न्या."

यातलं पहिलं वाक्य गोजरबाईने दिवसभर सगळ्यांना ऐकवलं. घरात फोडणी बंद केली, पोरीच्या उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला आणि पुन्हा खडीवर जाऊन बसली.

पुरळ मावळू लागलं आणि खोकला वाढला. श्वासासरशी पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या.

"आत्याबाई, हिला दम लागलाय," झुंबर म्हणाली. "मुरमाचा ट्रक रिकामा चाललाय शेवगावला. मी घेऊन जाते."

"गोवराला दवाखाना? साळू हसंल मला. मी देवीनं मेले न्हाई, आन् ही गोवरानं मरती व्हय?"

मुलगा गहिनीनाथ परगावी होता. घरात सासूच्या शब्दापुढे जाणारं कुणी नव्हतं. ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णा मेली.

देवी असत्या तर झोपडीकडे कुणी फिरकलं नसतं. गोवर होता, म्हणून बायका कडेवर पोरं घेऊन भेटायला आल्या. साळूबाई हसली नाही. "पोरच कमजोर हुती, गोजरे," ती म्हणाली. "गोवराचा काय दोस?" झुंबर सासूकडे पाहत नव्हती.

पुढे, भेटायला आलेल्यांतल्या केशरबाईच्या मुलाचे डोळे लाल झाले. तिने त्याला गोजरबाईपुढे आणून बसवलं.

"देवी हायेत का, तेवडं बगा."

गोजरबाईने पोराची छाती उघडी करून बराच वेळ पाहिली.

"देवी न्हाईत. गोवर हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

केशरबाईचा जीव भांड्यात पडला.

"गोवरच न्हवं? मग हाय काय त्यात."

तिने पोराला बाभळीखाली निजवलं, अंगावर लुगड्याचं जुनेर टाकलं आणि हातोडी उचलली.