बेटावरून येणारी पत्रं

इतकी वर्षं झाली, तरी ती पत्रं मी विसरलेलो नाही.

मी बेंगळुरूजवळच्या आनेकलला फौजदार होतो. श्रावणातल्या एका सकाळी आमच्याच मराठी घरांतली एक विधवा बाई पत्रांची चळत घेऊन ठाण्यात आली.

"अण्णा, पोराची पत्रं येतात, पोरगा येत नाही. वर्ष झालं. स्वल्प बघा की."

मुलगा समुद्रातल्या एका बेटावर पाहुण्यांना फिरवण्याच्या नोकरीत असल्याचं पत्रांत होतं. होडीची सैर, शिंपले वेचणं, पोहणं, नारळाखालची जेवणं. "उकाडा इतका की अंगावर सदरा नको होतो," असंही लिहिलं होतं. वाचून मलाच रजा टाकून जावंसं वाटलं!

आमचा एक हवालदार किनाऱ्याकडचा. ताजं पत्र वाचून तो म्हणाला, "सर, हे खोटं आहे. ऐन पावसाळ्यात तिथं होड्या वर ओढून ठेवतात. पाहुणे कुठले?"

पत्रांवरचे टपालाचे शिक्के मात्र बेंगळुरूचे होते. मुलाचं बरंवाईट करून दुसराच कोणी लिहीत असेल, या संशयाने मी शहरातल्या त्याच्या मित्राला उचलला. तासभर दरडावलं. शेवटी तो रडायलाच लागला.

"पत्रं मी टाकतो, साहेब. पण लिहितो तोच. क्षयाच्या इस्पितळात आहे."

मी तिथे गेलो. खाटेवर विशीतला काटकुळा मुलगा. शेजारच्या खाटेवरचा नावाडी त्याला बेटाच्या गोष्टी सांगायचा. नावाडी वारला, तरी पत्रं चालूच राहिली.

त्याने हात जोडले. "बहिणीचं लग्न ठरतंय. क्षयरोग्याची बहीण कोण करून घेईल? लग्नापर्यंत आईला सांगू नका. तिच्या तोंडावर सगळं दिसतं."

त्याच्या मित्राला दरडावल्याची मला लाज वाटली. ठाण्याच्या डायरीत मी लिहिलं: मुलगा हयात, स्वखुशीने बाहेर राहतो, तक्रार निकाली.

बाईला सांगितलं, "खुशाल आहे, अम्मा. कामात आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "जेवतो ना नीट?" एवढंच विचारून गेली.

आठवड्याने परत आली. हातात घरी विणलेला लोकरीचा जाड स्वेटर.

"बेटावर गारठा असतो म्हणे. छातीला जप म्हणावं."

उकाड्याचं ते पत्र तिनेच मला दाखवलं होतं. तिला सगळं उमगलं होतं, बहुधा माझ्याच तोंडावरून. "सरी, अम्मा, ठीक आहे," म्हणून मी स्वेटर घेतला आणि इस्पितळात पोचवला.

चौकशीत गप्प बसलेल्या माणसाला काही ठाऊक नाही, असं त्यानंतर मी कधीच धरलं नाही. कितीतरी माणसं कोणाला तरी सांभाळण्यासाठी गप्प असतात.

मार्गशीर्षात मुलीचं लग्न झालं. दुसऱ्याच सकाळी बाई ठाण्याच्या पायरीवर हजर. लग्नाच्या कामात हाताला लागलेली हळदही निघाली नव्हती, काखेत लाडवांचा डबा.

"मुलगी सासरी गेली, अण्णा," ती म्हणाली. "आता चला, मला ते बेट दाखवा."