बंगईवरचं जेवण

ती घटना मला आजही आठवते, आणि गंमत म्हणजे तिच्यात गुन्हा असा कुठेच नव्हता. नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. ही एवढी मात्र काल घडल्यासारखी लख्ख आहे.

मी मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा. नोकरीने मला वऱ्हाडात आणून टाकलं आणि मी तिथलाच झालो. त्या वेळी नांदगाव खंडेश्वर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथली बोली सुरुवातीला कानाला फटकळ लागायची. पुढे कळलं की ही माणसं मनात असेल ते तोंडावर बोलून मोकळी होतात, आणि पोलिसाला याहून मोठा आहेर नाही.

ती वर्षं वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. सकाळी ठाण्यात पाऊल टाकलं की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी पुढे करायचा. तिच्यात अकस्मात मृत्यूची नोंद नसेल त्या दिवशी आम्ही काही न बोलता चहा मागवायचो. कुणाच्या घराला कुलूप दिसलं की आम्हाला आधी विहीर आठवायची. माझे डोळेच तसे झाले होते, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मे महिन्यात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, पातूरचा एक कापड दुकानदार म्हाताऱ्या आईला घेऊन ठाण्यात आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"साहेब, आमचा जवाई लेकराईले घेऊन कुठी निंघून गेला. घराले कुलूप हाये. आज लेकरं आमच्या सुपूर्द करायचं ठरलं होतं."

हकिकत अशी होती. त्याची बहीण गेल्या दसऱ्याच्या सुमारास अमरावतीच्या दवाखान्यात दीर्घ आजाराने वारली. मागे सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. नवरा आमच्या हद्दीतल्या गावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचा, म्हणजे तारा गुंडाळून पुन्हा चालत्या करायचा. एकट्या बाप्याला लेकरं सांभाळता येतात का, असं म्हणून सासरच्यांनी ती पातूरला न्यायचं ठरवलं. त्याने मान खाली घालून हो म्हटलं. आणि न्यायला आले तर दाराला कुलूप.

"अपहरणाचा गुन्हा दाखल करा," दुकानदार, म्हणजे मुलांचा मामा, म्हणाला.

"बापाने स्वतःची मुलं नेली तर अपहरण कसलं हो?" मी म्हणालो. "बेपत्ता म्हणून नोंद घेतो."

म्हातारी एकदम म्हणाली, "साहेब, तो पोट्टा बायकोवर जीव लावणारा होता. तिच्या मांगं त्याचं मन कुठीच लागलं नाही. मले दुसरंच भेव वाटून राहिलं." तिला काय वाटत होतं ते ठाण्यातल्या शिपायालासुद्धा कळलं.

बीट हवालदाराला गावात पाठवलं. दुपारी तो परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. घराला चार दिवसांपासून कुलूप होतं. त्या माणसाने दुकानातल्या सगळ्या मोटरी ज्याच्या त्याला पोचवल्या होत्या, आणि एका शेतकऱ्याला म्हणाला होता, "आता माह्याकडे कोणाचं काही राहाले नाई पायजे." घरची बकरी शेजारणीला देऊन टाकली होती. आणि सर्वांत वाईट खबर बाजारातल्या दोरवाल्याने दिली. त्याला मी ठाण्यात बोलावून घेतलं.

"महिन्याभरापहिले जाड दोर नेला साहेब त्यानं. मी म्हनलं, बैलासाठी नेतो का? तं म्हने, बैल कुठी हायेत माह्यापाशी? वजन पेलाले पायजे, बस."

मी टोपी उचलली. तालुक्याला वायरलेसवरून वर्णन कळवलं, गळ आणि दोन पोहणारे सोबत घेतले. गावाभोवतालच्या तीन विहिरी पाहिल्या. उन्हाळ्याने पाणी तळाला गेलं होतं, गळ टाकायचीही गरज नव्हती. वरूनच तळ दिसत होता. प्रत्येक विहिरीवर मामा माझ्या पुढे धावायचा आणि काठाशी आला की डोळे मिटायचा. या माणसाचा मला सकाळी राग आला होता. तिसऱ्या विहिरीपर्यंत राग निवळला.

मग दोन पंचांसमक्ष घराचं कुलूप तोडलं. मीच आधी आत शिरलो आणि पहिली नजर आढ्याकडे टाकली. दोर तिथेच होता. त्याच्या खाली लाकडी पाट टांगलेला होता. आम्ही कोकणात ज्याला झोपाळा म्हणतो त्याला इकडे बंगई म्हणतात. नव्या कोऱ्या दोराची, माजघरात मधोमध बांधलेली बंगई.

मी मटकन तिच्यावर बसलो.

बसल्यावर खाली लक्ष गेलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बंगईच्या पुढे आणि मागे वरणाचे वाळलेले डाग होते. पाटावर नव्हते, थेट खालीही नव्हते. बंगई पुढे गेली की सांडलेले आणि मागे आली की सांडलेले, असे. हवालदार म्हणाला, "लेकरं सांडतातच साहेब." सांडतात, पण झुलत्या बंगईवर कोण जेवू घालतं? वऱ्हाडातलीच काय, कुठलीही आई त्यावर धपाटा घालेल.

शेजारणीला बोलावलं. गाद्या भरणाऱ्या मुस्लिम कुटुंबातली वयस्क बाई. दिवसा दोन्ही लेकरं तिच्याकडेच असायची, तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. पहिल्यांदा तिने काहीच माहीत नसल्याचं सांगितलं. मी जबाब घ्यायची घाई केली नाही. तिच्या अंगणात गेलो. बकरी बांधलेली होती आणि बाजूला चाऱ्याचं पोतं होतं. कायमची दिलेली बकरी चाऱ्यासकट कोणी देत नाही.

"खाला, ही बकरी तुम्हाला दिली की सांभाळायला ठेवली?"

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "ठेवली. येतो म्हने. कुठी चालला ते मले मालूम नाही, अल्लाची कसम. मामाले सांगजो नको म्हने, ते लेकरं घेऊन जातीन. म्हून गप होती."

"आणि बंगईवर जेवण कशाला?"

"काय सांगू साहेब! दिमाग फिरला म्हनो मी त्याचा. महिनाभर लेकराईले तिच्यावरच जेवू घालते, तिच्यावरच झोपवते. खाली उभा राहून हा झोके देते. पोट्टीले पहिले पहिले उलट्या झाल्या. मी भांडली त्याच्याशी. तं म्हने, खाला, सवय होऊन राहिली त्याईले."

मी तिथेच ओट्यावर बसलो.

आमच्या लहानपणी कोकणातून मुंबईला रस्त्याने जाणं म्हणजे दिव्य होतं. बोटीने जायचं. वडील मुंबईला गिरणीत होते, आणि वर्षातून एकदा आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन एकटी बोटीने त्यांच्याकडे जायची. बोट काठाला लागत नसे. आधी पडावात, म्हणजे छोट्या होडीत बसून खोल पाण्यात जायचं आणि मग हलत्या शिडीने वर. त्या प्रवासाच्या आधी आठवडाभर आई आम्हाला झोपाळ्यावर बसवून जेवायला घालायची. म्हणायची, पोटाला आताच शिकवून ठेवा, म्हणजे बोटीत मला तिघांचं ओकणं काढावं लागणार नाही. मी ते चाळीसएक वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मलाच आठवत नव्हतं. समुद्रापासून इतक्या लांब, उन्हाळ्याची गरम लू वाहत असताना, एका खालाच्या ओट्यावर मला बोटीचा वास आला.

हवालदाराला म्हणालो, "विहिरी बंद. हा माणूस मुलांना घेऊन जहाजात बसणार आहे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू साहेबाला ऊन लागलंय. पण त्या वर्षी मुंबईहून गोव्याकडे पर्यटकांची मोठी जहाजं जात होती, पेपरात चित्रं यायची. मुंबईच्या बंदर ठाण्यात माझा जुना सोबती होता. त्याला फोन लावला. संध्याकाळच्या आत त्याचा उलट फोन आला. तिघंही जहाजावर आहेत, सुखरूप आहेत, जहाज परतीच्या वाटेला आहे. मी ते मोठ्याने सांगितलं तेव्हा म्हातारीने ठाण्याच्या फरशीवर डोकं टेकलं. मामा मात्र रडून झाल्यावर पुन्हा तापला. "म्हंजे मजा माराले गेला? बायको मरून वर्ष नाही झालं आन् हा जहाजात!"

परतीची गाडी बडनेऱ्याला तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी स्वतः गेलो, मायलेक सोबत होते. गाडीतून तो उतरला. वाळलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर झोपलेला धाकटा. थोरली मागून उडी मारून उतरली, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं की तिच्या कमरेला दोर बांधलेला होता. तोच जाड दोर. दुसरं टोक बापाच्या कमरेला.

मामा धावून गेला. "दोरानं बांधलं माह्या भाचीले? जनावर हाये का ते?"

उत्तर पोरगीने दिलं. कमरेवर हात ठेवून, आजीबाईसारखी. "मामा, मी बांधलं बाबाले. बाबाले पोहता येत नाही."

मी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि चहा सांगितला. मग तो बोलू लागला, माझ्याकडे बघून. सासूकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

दवाखान्यात त्याच्या बायकोच्या खाटेसमोर कॅलेंडर होतं, त्यावर पांढरं जहाज. मुलं भेटायला आली की ती म्हणायची, मी बरी झाली का आपण चौघं ह्याच्यात बसू. ती बरी झाली नाही. पोरगी मात्र विसरली नाही. लेकरं पातूरला गेल्यावर आपल्या हातून ते कधी होणार, असं त्याला वाटलं. "तिनं देल्लेला शब्द होता साहेब. तो मी नाई पाळत तं कोण पाळते?" तिच्यामागे जे थोडे पैसे आले होते त्यातून त्याने सगळ्यात खालची, बिनखिडकीची खोली घेतली. थोरलीला एसटीतसुद्धा उलटी व्हायची, म्हणून बंगई.

"लेकराईले काहीच नाई झालं," तो म्हणाला. "दोघं बी घरच्यासारखे जेवले. मीच पडलो. माह्या ध्यानातच नाही आलं. महिनाभर मी तं खाली उभा राहून झोके देत होतो!"

मामा हसला. रागावलेला माणूस हसतो तसा, नको असताना. जहाजात बाप कठड्याला धरून ओकायचा आणि सहा वर्षांची पोर एका हाताने भावाला धरून दुसऱ्या हाताने बापाच्या पाठीवर थोपटायची. लोक विचारायचे, यांची मम्मी कुठे आहे? पोरगीच उत्तर द्यायची. शेवटी बाप पाण्यात पडेल म्हणून तिने पिशवीतला उरलेला दोर काढून त्याला स्वतःशी बांधलं, आणि गाडीतही सोडू दिलं नाही.

"आन् हा?" म्हातारीने झोपलेल्या नातवाकडे हात केला.

"हा," तो म्हणाला, "हा जहाजात प्रत्येक दारातून वाकून पाहे. आई चौघं म्हने ना. त्याले वाटे, आई आधीच येऊन बसली असंन. मी सांगतलं नाई भेटत रे बाप्पा. तरी पाहे."

प्लॅटफॉर्मवर गाड्या येत-जात होत्या. मामा तोंड फिरवून उभा राहिला. म्हातारी उठली, नातीजवळ जाऊन खाली बसली आणि दोराची गाठ सोडायला लागली. खाऱ्या हवेने गाठ आवळली होती. बराच वेळ तिची बोटं चालली आणि मग थांबली. तिने नातीच्या कमरेवरून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"लेकरं बापापाशीच राहू दे रे," ती मुलाला म्हणाली. "सुटीत येतीन आपल्याकडे. मी बी येत जाईन अधीमधी. साहेबाले सांग, आपली काही तक्रार नाही."

मामाने ठाण्यात येऊन तसा जबाब दिला. सही करताना म्हणाला, "भाऊजीले म्हना, पुढच्या खेपेले आमाले बी न्या." मी नोंद बंद केली.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. जीव द्यायला निघालेला माणूस आणि प्रवासाला निघालेला माणूस, दोघंही आवराआवर सारखीच करतात. देणंघेणं मिटवतात, जनावर दुसऱ्याकडे बांधतात, दोर आणतात, कुलूप लावतात. त्या वर्षांनी आम्हाला त्यातला एकच माणूस ओळखायला शिकवलं होतं. दुसराही असतो, हे मी पुढे प्रत्येक कुलपासमोर उभा राहताना स्वतःला सांगत आलो. कधी ते खरं ठरलं, बहुतेकदा नाही.

आता निवृत्त होऊन गावी परतलोय. संध्याकाळी झोपाळ्यावर बसलो की समोर समुद्र दिसतो. बोटी कधीच्या बंद झाल्या, आई जाऊनही बरीच वर्षं झाली. बोटीत ती जुनं लुगडं पिळून त्याने आम्हा तिघांना आपल्या कमरेशी बांधून घ्यायची, आणि मला त्याची लाज वाटायची. आम्ही पडू नये म्हणून ती बांधते, असंच मी धरून चाललो होतो. पण बडनेऱ्याच्या त्या पोरीने एक प्रश्न माझ्यामागे लावून दिलाय, आणि तो विचारायला आता कुणी उरलेलं नाही. माझ्या आईला तरी पोहता येत होतं का?