बावीस मिनिटांची बाजू

पानाकाकांनी जोडलेला नळ कधी गळला नाही. छत्तीस वर्षं प्लंबिंग केलं. सांधा बसवला की तपासायचा, निघताना पुन्हा तपासायचा. पाना हातातून सुटत नसे, म्हणून नाव पडलं पानाकाका.

काम सोडल्यावर ते दर शुक्रवारी रात्री अकरा ते एक, छोट्या रेडिओ केंद्रावर तबकड्या लावू लागले. प्रोग्रेसिव्ह रॉक आणि जॅझ फ्यूजन. एकेक गाणं म्हणजे तबकडीची अख्खी बाजू. मोबदला शून्य. तरी प्रत्येक बाजू ते आधी घरी घड्याळ लावून दोनदा ऐकत आणि लावताना सांगत, "ही बाजू बावीस मिनिटं दहा सेकंद. मधे सात मात्रांचा तुकडा आहे, पायानं ठेका धरणाऱ्यांनी जपून."

बायको विचारी, "यात गाणारा कधी येतो हो?"

"अकराव्या मिनिटाला."

"मग मला तेव्हा उठवा."

सहा वर्षांत एकाही श्रोत्याचा फोन आला नाही. शेवटी केंद्राचे मॅनेजर म्हणाले, "काका, महिनाअखेरपर्यंत एक तरी ऐकणारा दाखवा. नाहीतर कार्यक्रम बंद."

काका तीन शुक्रवार फोनकडे बघत बसले. फोनही त्यांच्याकडे बघत बसला. मेहुणा म्हणाला, "दाजी, मी करतो की फोन. आवाज बदलून. हवं तर दोनदा."

"पाइप न जोडता भिंत लिंपायची होय? नको."

शेवटच्या शुक्रवारी मॅनेजर स्वतः येऊन बसले. काकांनी "बावीस दहा" सांगून सुई टेकवली. एरवी पहिले चार सूर उभ्यानं ऐकल्याशिवाय ते खुर्चीत बसत नसत. पण मॅनेजर म्हणाले, "बाजू लांबलचक आहे. तेवढ्यात बाहेरच्या बेसिनचं बघता का? दोन महिने ठिबकतंय."

ज्याच्या हातात कार्यक्रम, त्याला नाही कसं म्हणायचं? काका हत्यारांची पिशवी घेऊन बेसिनखाली शिरले.

नट गंजलेला. हलता हलेना. पान्याच्या खडखडाटात गाणं पुसटच ऐकू येत होतं. आतून मॅनेजरांची हाक आली, "आज झकास वाटतंय हो! उगाच रेंगाळत नाहीत!"

बेसिनखाली काका सुखावले.

आणि संगीत थांबलं. काकांनी घड्याळ पाहिलं. सोळा मिनिटं! ते ताडकन उठले, डोकं बेसिनवर आपटलं, तसेच आत धावले. तबकडीच्या वेगाचा खटका पंचेचाळीसवर होता. संध्याकाळच्या बालगोष्टींच्या छोट्या तबकड्या त्या वेगानं फिरतात. काकांची मोठी तबकडी तेहतीसची. खटका खाली करायचा राहिला होता. सगळी बाजू भरधाव धावली होती आणि मॅनेजर मान डोलवत होते.

फोन वाजला. मॅनेजरांनी उचलला आणि लगेच कानापासून हातभर लांब धरला.

"पानाकाकांना द्या!" बाईचा आवाज खोलीभर घुमला. "हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून बोलतेय. आमच्या ड्रायरचं घड्याळ बंद पडून वर्ष झालं. दर शुक्रवारी यांच्या बाजूवर चादरी वाळवतो आम्ही. बावीस सांगितली आणि सोळात संपवली! पन्नास चादरी ओल्या निघाल्या. गाणारा तर उंदरासारखा चिरकत होता. तिथं कुणाला कान आहेत की नाही?"

मॅनेजर ओशाळले. "बाई, तुम्ही किती जणी ऐकता?"

"चौघी. का? पिळायला येताय?"

काकांनी फोन घेतला. "ताई, चूक माझी. वेग बघितला नाही."

"तुम्ही आणि न बघता?"

हे मात्र काकांना डोक्यावरच्या टेंगळापेक्षा जास्त लागलं. "चादरी परत आत घाला," ते म्हणाले. "घातल्या की सांगा."

सुई हातात धरून ते थांबले. रेडिओवर चांगला दीड मिनिट शुकशुकाट. मॅनेजर खुर्चीत चुळबुळले, "काका, काहीतरी लावा!"

"चादरी जायच्यात आत."

"घातल्या!" फोनमधून आरोळी आली.

काकांनी खटका पाहिला, पुन्हा पाहिला आणि सुई टेकवली. चार सूर उभ्यानं ऐकले.

मॅनेजरांनी कपाळ पुसलं. "राहू द्या हा कार्यक्रम," ते हळूच म्हणाले. "बंद केला तर या बाईच्या तोंडी कोण लागणार?"