पाव फेरा मागे

हणमंतअण्णांच्या गॅरेजात मोटार शिरली की ते आधी बॉनेट उघडत नसत. गाडी चालूच ठेवायला सांगत आणि हात वर करत. त्या हाताचा अर्थ सगळ्या गल्लीला ठाऊक होता. शेजारचा लोहार घण खाली ठेवी, मागच्या घरातून येणारा भांड्यांचा आवाज थांबे. मग अण्णा हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवत, मूठ उजव्या कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. कधी अर्धा मिनिट, कधी दोन. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

"पळताना कुठलीही गाडी शहाणीच वाटते, स्वामी," ते म्हणत; गिऱ्हाइकाला 'स्वामी' म्हणायची तिथली रीत. "उभी राहिली की कशी राहते, ते बघायचं."

अण्णा बेंगळुरातल्या जुन्या मराठा घराण्यातले. पूर्वज कधी आले ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी दोन्हींची भेसळ. चामराजपेठेत त्यांचे गॅरेज होते आणि गॅरेजच्या मागेच दोन खोल्यांचे घर. मूलबाळ नव्हते. घरात ते आणि त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत. मी पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला आलो तेव्हा मी राहायला गेलो त्या राजाजीनगरात घरे कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. बसची खात्री नसे, म्हणून मी एक जुनी विलायती मोटार घेतली.

त्या मोटारीला एक खोड होती. चालताना ती ठीक चाले, थांबली की बंद पडे. मल्लेश्वरमच्या रेल्वे फाटकावर मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत हँडल मारण्याची मला सवय झाली होती. पुस्तकात पाहिले, तर उभ्या गाडीचे इंजिन किती जोरात चालावे, म्हणजे मेस्त्री लोकांचा 'स्लो', हे कार्बोरेटरवरच्या एका स्क्रूने ठरते, असे होते. मी स्क्रू पाव फेरा आवळला. गाडी आठवडाभर नीट राहिली, मग पुन्हा बंद पडू लागली. पुन्हा पाव फेरा. असे दोन महिन्यांत अकरा वेळा झाले आणि प्रत्येक वेळ मी वहीत टिपून ठेवली. शेवटी गाडी उभी असतानाही गुरगुरू लागली. तेव्हा कोणीतरी अण्णांचे नाव सांगितले.

अण्णांनी कान लावला, डोळे उघडले आणि विचारले, "स्लोचा स्क्रू कुणी पिळलाय?"

"मी. अकरा पाव फेरे." मी वही पुढे केली.

त्यांनी वही नीट पाहिली. "अकरा वेळा तिला जास्त दिलंत. ती का मागते, ते एकदा तरी विचारलंत का?"

अण्णांनी एका ब्रशावर जाड तेल घेतले आणि चालू इंजिनावरच, कार्बोरेटर जिथे खालच्या नळीला जोडलेला असतो त्या सांध्याभोवती हळूहळू फिरवले. तीन बाजूंनी काही झाले नाही. चौथ्या बाजूला ब्रश गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. तेल आत ओढले गेले होते. "इथनं चोरून हवा पिते," अण्णा म्हणाले. "पेट्रोल कमी, हवा जास्त. मग उभी कशी राहणार?"

त्या सांध्यात बसवायचे नवे पॅकिंग विकत आणायची त्यांना गरज नव्हती. पॅकिंगच्या जाड कागदाचा तुकडा त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने टक टक करत गेले. धातूच्या काठावर कागद आपोआप कापला जाई. सात-आठ मिनिटांत भोकांसकट पॅकिंग तयार झाले. ते बसवल्यावर अण्णा मला म्हणाले, "आता तुमचे अकरा तुम्हीच परत घ्या." मी एकेक पाव फेरा मोजत स्क्रू मागे घेतला. अकराव्याला इंजिन इतके शांत झाले, की ते बंद पडले असे मला वाटले. चालू होते. अण्णांनी स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत तांबड्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. सगळ्याच गाड्यांना ते अशी खूण करत. स्क्रू कुणी हलवला तर रेघ मोडलेली दिसावी म्हणून.

"लिहून ठेवलंत हे बरं केलंत," ते म्हणाले. "लिहिलेलं असलं की परत जाता येतं. पण एक ध्यानात ठेवा, स्वामी. दोष झाकायला स्क्रू पिळायचा नाही. गाडी चालते आणि दोष वाढतो."

पुढे सहा-सात वर्षे माझी गाडी दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जात असे. काम संपले की अक्का कॉफी देई आणि अण्णा गिऱ्हाइकांच्या गाड्यांविषयी बोलत, जशी इतर माणसे गिऱ्हाइकांविषयीच बोलतात. "डॉक्टरांची गाडी रागीट आहे." "त्या वकिलाची गाडी खोटं खोकते, तिला काही झालेलं नाही." मला आकड्यांचा नाद. रविवारच्या जुन्या बाजारातून मी फेरे मोजायचे एक हातातले यंत्र आणले होते. गाडीच्या पुढच्या बाजूला हँडल घालायचे भोक असते, त्यातून त्याची दांडी आत टेकवली की इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते काटा दाखवी. अण्णांनी नुसत्या कानाने लावलेली माझी गाडी दर वेळी साडेपाचशेवर असे. दहावीस इकडे तिकडे. अण्णा यंत्राला हसत. "तुमच्या यंत्राचा कान चांगला आहे की!"

मग एका खेपेला काटा सव्वासहाशेवर गेला. पुढच्या वेळी सातशे. त्याच्या पुढच्या वेळी साडेआठशे. गाडी पुन्हा चोरून हवा पिते आहे असे समजून मी तेलाचा ब्रश चारही बाजूंनी फिरवून पाहिला. कुठेही आवाज बदलला नाही. माझी बायको म्हणाली, "ही गाडी उभी राहिली तरी हिची घाई संपत नाही."

उलगडा झाला तो गॅरेजात. काम झालेल्या तीन गाड्या ओळीने चालू होत्या आणि तिन्ही गुरगुरत होत्या. अण्णा मधल्या गाडीवर वाकले होते, मूठ कानाला, डोळे मिटलेले. हळूहळू स्क्रू आवळत होते. आवाज चढत गेला, आणखी चढला. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे समाधान आले आणि ते थांबले. गाड्यांना काहीच झालेले नव्हते. हळू आवाज अण्णांना ऐकू येत नव्हता. ऐकू येईपर्यंत ते स्क्रू पिळत होते.

अक्का कॉफी घेऊन आली होती. तिने अण्णांना हाक मारली नाही. त्यांच्या नजरेसमोर पेला नेऊन धरला. मग मला दारापाशी गाठून ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला कळलं. तोंडावरनं दिसतंय."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. त्यांना वाटतं मलाही माहीत नाही. मी हाक मारायचं सोडलंय, स्वामी. हाक मारली आणि ते वळले नाहीत तर त्यांना कळेल ना, की मला कळलं." तिने एकदा अण्णांकडे वळून पाहिले. "कुणाला सांगू नका. मेस्त्रीचे कान गेले म्हटल्यावर कोण गाडी देईल? आणि गाड्या यायच्या थांबल्या तर हा माणूस सकाळी उठून काय करेल?"

मी मान डोलावली. घरी येऊन माझ्या गाडीचा स्क्रू मोजून मागे घेतला, साडेपाचशेवर आणला आणि वहीत टिपला. पुढच्या खेपेलाही तेच केले. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी अण्णांची अब्रू राखतो आहे असे मला वाटत होते. मधल्या काळात डॉक्टरांनी आपली गाडी दुसरीकडे नेली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी ती आपणहून पुढे ओढत राहते, अशी त्यांची तक्रार होती. अण्णांना त्याचे कारण कळले नाही. "डॉक्टर का रुसले, काही समजत नाही," असे ते दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी कॉफी पीत राहिलो.

मी गाडीचा स्क्रू फिरवत होतो, पण रेघ नव्याने ओढत नव्हतो. खोटी खूण करणे माझ्याच्याने झाले नसते. ती रेघ मोडलेली असते हे अण्णांच्या नजरेतून सुटणारे नव्हते. बहुधा ते पहिल्या वेळेपासून पाहत असावेत. एके दिवशी त्यांनी बॉनेट उघडले आणि मान वर न करता विचारले, "कुणी हात लावला?"

"मी."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. "किती?"

मी पाच बोटे दाखवली. "पाच पाव फेरे. मागे."

"वही आणलीय?"

वही नेहमी गाडीतच असे. अण्णांनी ती उघडली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. तारीख, गॅरेजातून आल्यावरचा आकडा, मी फिरवलेले फेरे, नंतरचा आकडा. लोहाराचा घण चालू होता, कारण अण्णांनी हात वर केला नव्हता. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट बराच वेळ राहिले.

"आठ महिने," ते म्हणाले. "आठ महिने तुम्ही माझ्यामागे माझं काम दुरुस्त करताय."

"अण्णा, मला वाटलं—"

"झाकायला स्क्रू पिळायचा नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी ना? मग माझाच दोष माझ्यापासून झाकलात?" त्यांचा आवाज चढला होता. किती चढला होता ते त्यांना कळत नसावे. "डॉक्टरांच्या गाडीचं तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि गॅरेजच्या फळ्या लावायला घेतल्या. दुपारचे बारा वाजले होते.

गॅरेज नऊ दिवस बंद राहिले. मी तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा फळ्या लावलेल्या. आपल्या नीटनेटक्या वहीने एका माणसाचे आयुष्य बंद केले, असे वाटून मी त्या दिवसांत काहीच टिपले नाही. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, अण्णा बसने राजाजीनगरला माझ्या घरी आले. हातात तोच लांब स्क्रूड्रायव्हर.

"गाडी चालू करा," ते म्हणाले.

मी चालू केली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले आणि लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. डोळे मिटले. एका हाताने स्क्रू थोडा पुढे घेतला, थोडा मागे, पुन्हा मागे. मग मूठ तोंडातून काढून म्हणाले, "मोजा."

मी यंत्र लावले. पाचशे साठ.

"कानातनं येत नाही ते हाडातनं येतं," अण्णा म्हणाले. "नऊ दिवस घरात जे सापडेल ते चावत बसलो होतो. अक्का म्हणते, गाडीला चावणारा मेस्त्री पहिल्यांदाच बघितला!" ते हसले नाहीत, मीच हसलो. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. कान गेल्यापासूनच्या दीड-दोन वर्षांत त्यांनी स्लो लावलेल्या गाड्यांची यादी होती. एकतीस नावे. "रविवारी मोकळे असता ना? यंत्र घेऊन चला. माझा माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. गिऱ्हाइकांचा राहिला नसला तर आकडा दाखवता येईल."

सात रविवार आम्ही बसवनगुडीपासून मल्लेश्वरमपर्यंत फिरलो. पहिले घर डॉक्टरांचे होते. दारात उभे राहून अण्णांनी एवढेच सांगितले, "डॉक्टर, माझे कान गेलेत. तुमच्या गाडीचा स्लो जास्त ठेवला होता. परत घ्यायला आलोय." डॉक्टर चावी घेऊन बाहेर आले. एकतीस घरांत हेच वाक्य, कधी मराठीत, कधी कन्नडात. काही जण दातांत मूठ धरलेला म्हातारा पाहून तोंड फिरवून हसले. एका वकिलाने फाटकातूनच परत पाठवले. एकतिसांपैकी नऊ जण पुन्हा आले नाहीत. बावीस येत राहिले, त्यांत डॉक्टर होते. शेवटच्या रविवारी अक्काने आम्हा दोघांना बनशंकरी देवीच्या देवळात नेले आणि माझ्याच गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबे ठेवली. आणि तिथल्या गर्दीत अण्णांना मोठ्याने, खणखणीत हाक मारली. अण्णा वळले नाहीत. तिने जवळ जाऊन त्यांच्या दंडावर थाप मारली. "किती ओरडायचं हो माणसानं!" ती म्हणाली आणि दोघेही हसले.

पुढे चार वर्षे ते काम करत होते. मग छातीचे दुखणे आले आणि त्यांनी अंथरूण धरले. मी भेटायला गेलो त्या दिवशी गाडी खिडकीखाली उभी केली. मी बोललो ते त्यांनी ओठांवरून ओळखले.

"चालू आहे?" त्यांनी विचारले.

"चालू आहे."

"किती?"

मी निघण्यापूर्वी मोजले होते. थंडीचे दिवस होते, सकाळी गाडी बंद पडे म्हणून आदल्या दिवशी मी स्क्रू थोडा आवळला होता. साडेपाचशे म्हणणे सोपे होते. अक्का माझ्याकडे पाहत होती.

"सहाशे वीस," मी म्हणालो.

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. जुनी, कामातली आठी. कितीतरी दिवसांनी दिसली. "थंडीसाठी पिळलात."

"हो."

"थंडीत चोक ओढायचा. स्क्रूला हात नाही लावायचा. पाव फेरा मागे घ्या. आता. मी आहे इथे."

मी बाहेर गेलो, बॉनेट उघडले, स्क्रू पाव फेरा मागे घेतला. यंत्र लावले. मग डिकीतली तांबड्या रंगाची डबी काढली आणि काडीने स्क्रूवरून एक रेघ ओढली. आत येऊन पाच बोटे आणि अर्धे बोट दाखवले.

"सरी," ठीक आहे अशा अर्थी अण्णा कन्नडात म्हणाले आणि डोळे मिटले, गाडी ऐकताना मिटत तसे.

तिसऱ्या दिवशी ते गेले. गाडी अजून माझ्याकडे आहे. रेघ मोडलेली नाही.