शाईने लिहिलेले आकडे

आदिलाबादच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक अटेंडर होते. काळ्या मातीत उष्णता किती खोल जाते, यावर माझं संशोधन चालू होतं. मैदानात पुरलेले थर्मामीटर रोज दुपारी तेच वाचायचे. गुडघे टेकून, श्वास रोखून. आपल्या श्वासानं पारा चढायला नको म्हणून. मग वहीत पेन्सिलीनं आकडा लिहायचे.

मे महिन्यात त्यांचे आकडे माझ्या सूत्रापासून लांब जाऊ लागले.

"नीट बघत नाही तुम्ही," मी म्हणालो.

"बघून राह्यलो ना, सर. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून गरम वारा खाली जाते. तुमच्या गणितात भेग हाय का?"

मी हसलो आणि त्यांच्यासमोरच ते आकडे खोडून सूत्राला जुळणारे लिहिले. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते शाईनं लिहू लागले. मग मी ती पानंच माझ्या शोधनिबंधातून गाळली.

निबंध माझ्या एकट्याच्या नावानं छापून आला, त्यावर मला बढतीही मिळाली. त्यांचे आकडे बरोबर होते, सूत्र अपुरं होतं, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं. ते गेल्यावर आता लिहून ठेवतो आहे.

यंदाही परसात भेगा पडल्या आहेत. मी थर्मामीटर पुरतो, गुडघे टेकतो, श्वास रोखतो. मागं उभं राहून त्यांनी एकदा तरी विचारावं, "काय आलं, सर?"